शंकेची सात अंडी

सकाळची फिरवणी अर्धी राहिलेली मला आधी दिसली, सूनबाई नंतर.

आमच्याकडे बदकाची अंडी उबवतात. मशीन जुनं, कपाटाएवढं, आत सहा ट्रे. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढलेला असतो. दिवसातून तीनदा सगळी अंडी हातानं उलटायची, एकदा फुली वर, पुढच्या वेळी गोल वर, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटून बसतं. ही फिरवणी सूनबाईचं काम. तिचा हात हलका आहे, माझा आता थरथरतो. त्या दिवशी मी थर्मामीटर बघायला दार उघडलं तर तीन ट्रे गोल वर आणि चौथ्यात अर्ध्यापासून पुढे फुली तशीच. खालचे दोन ट्रे तर शिवलेलेच नव्हते. मशीनचं दारही नीट लावलेलं नव्हतं आणि आतली ऊब निम्मी निघून गेली होती.

अर्धं काम मला खपत नाही. मुलाला मी यावरून लहानपणी पुष्कळ बदडलंय. त्यात त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला होता, वीज दिवसातून दोनदा जायची, सूनबाई आणि मी आळीपाळीनं मशीनशी बसून जीव नकोसा करून घेतला होता. मी तणतणतच मागच्या दाराला गेलो.

ती न्हाणीच्या चौकटीला धरून उभी होती. तोंडाचा रंग गेलेला.

"बाबा, दवाखान्यात जायला हवं."

"का? काय झालं?"

"रक्त जातंय."

मी तिच्या पायांकडे बघितलं आणि लगेच मान वळवली. तिला दिवस राहिल्याचं मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं होतं, तेही मुलानं फोनवर सांगितलं म्हणून. तो बोगद्याच्या कामावर, दोन दिवसांच्या वाटेवर. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच, सून आणि सासरा, आणि आमच्यात बोलणं व्हायचं ते अंड्यांचं, दाण्याचं आणि विजेचं.

"गाडी काढतो," म्हणालो.

आमची गाडी म्हणजे पिल्लं पोचवायची तीनचाकी. तिला शेजारी बसवलं, खाली गोणपाटाची घडी दिली. शेजारची शिंपीण दारातच शिलाईचं मशीन मारत होती, तिला ओरडून सांगितलं, वीज गेली तर आमच्या अंड्यांच्या मशीनमध्ये गरम पाण्याच्या बाटल्या ठेव. तिनं एकदा सूनबाईकडे बघितलं आणि काही न विचारता उठली. रस्ता खड्ड्यांचा. भरले ट्रे घेऊन जातो तशी मी गाडी चालवली, प्रत्येक खड्ड्याला जवळजवळ थांबवत. मागचे लोक हॉर्न मारत होते. मारू देत म्हटलं.

दवाखान्यात खिडकीशी रांग होती. सूनबाईला बाकावर बसवून मी रांगेत उभा राहिलो. माझ्या मागे दाण्याच्या दुकानाचा मालक. तीस वर्षांची ओळख, मला "काय दिवेवाले, आज इकडे?" म्हणाला. मला सगळे दिवेवाले म्हणतात. अंड्याला दिवा दाखवून आत काय चाललंय ते सांगतो म्हणून. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "पेशंटला काय त्रास?"

आता मी काय सांगू. मागे तो दाणेवाला कान देऊन उभा. सुनेचं असलं बोलणं चारचौघांत सासऱ्यानं कसं बोलायचं?

"पोट दुखतंय," म्हणालो.

तिनं एकोणीस नंबरचा कागद दिला. आत सातवा चालला होता.

दोन तास गेले. मी मधूनमधून सूनबाईकडे बघायचो, ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसलेली. पाणी हवंय का विचारलं तर नको म्हणाली. बाजूची बाई उठून गेली, बाकावर जागा झाली, तरी ती पाय पसरेना, हलेना. मला वाटलं, बरं वाटत असेल. मग झाडणारी बाई आली, तिनं बाकाखाली बघितलं, झाडू तिथेच टाकला आणि आत धावली. तेव्हा मला कळलं की सूनबाई उठली असती तर बाकावरचं रक्त सगळ्यांना दिसलं असतं, म्हणून ती दोन तास दगडासारखी बसून होती.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलाएवढ्या. त्यांनी मला आत बोलावून चांगलं फैलावर घेतलं. "रक्त जातंय हे खिडकीवर का नाही सांगितलं? पोट दुखतंय म्हणून सांगितलं तुम्ही. अशा पेशंटला आम्ही रांगेत बसवत नाही, आजोबा."

मी खाली बघत उभा. तेवढ्यात तपासणीच्या टेबलावरून सूनबाई म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्यांना, असं सांगू नका म्हणून."

तिनं काहीही सांगितलेलं नव्हतं. आणि मीही तिथे तोंड उघडलं नाही. हे मला अजून लागतं.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. गर्भाची पिशवी दिसतेय, पण दिवसांच्या मानानं लहान आहे. ठोके दिसत नाहीत. दिवस मोजण्यात चूक असेल तर अजून दिसायची वेळ झाली नसेल. चूक नसेल तर वाढ थांबलेली असेल. आज सांगता येत नाही, दहा दिवसांनी परत बघू. मध्ये फार रक्त गेलं, चक्कर आली, तर तसंच निघून यायचं.

"मी वजन उचललं होतं," सूनबाई म्हणाली. "दाण्याची पिशवी."

"त्यानं काही होत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही काही केलंत म्हणून हे झालेलं नाही. आणि काही केल्यानं थांबेल असंही नाही."

"आणि ते दोन तास?" मी विचारलं.

"ते दोन तास वाचले असते तरी बाळाचं काही बदललं नसतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या सुनेचं बदललं असतं."

घरी आल्यावर सूनबाई म्हणाली, खाट मशीनच्या खोलीत टाका. तिथे उकडतं, पण तिला पंख्याचा आवाज ऐकत पडायचं होतं. आवाज थांबला की वीज गेली हे तिला झोपेतही कळतं. मी खाट टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि फिरवणी हातात घेतली. माझ्या थरथरत्या बोटांनी एक ट्रे फिरवायला तिच्या दुप्पट वेळ लागला. ती पडल्या पडल्या बघत होती.

"बाबा, ते कोपऱ्यातलं राहिलं."

"दिसतंय मला."

"दिसत असतं तर राहिलं नसतं."

तेवढं बोलली आणि कुशीवर वळली.

दुपारी ती झोपल्यावर मी तिचे कपडे घेऊन मागे गेलो. ती उठून धुणार होती, बादली भरून ठेवलेली होती, तीही कढत पाण्याची. मी पाणी ओतून दिलं आणि गार भरलं. अंड्याचं असो की कशाचं, गरम पाण्यानं रक्त कापडात बसतं, गार पाण्यानं सुटतं. एवढं धंद्यानं शिकवलंय. मी उकिडवा बसून चोळत होतो तर शिंपीण कुंपणाशी आली.

"काका, ठेवा ते. मी करते."

"झालं माझं."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचे कपडे तू शिवतेस ना, तूच सांग त्यांना काय म्हणायचं ते."

ती हसली नाही. तिनं कुंपणावरून हात घालून पिळलेला कपडा घेतला आणि तिच्या दोरीवर, तिच्या लुगड्यांच्या मागे वाळत घातला.

आमचंही एक असं गेलं होतं. मुलाच्या आधी. मी तेव्हा पिल्लं पोचवायला गेलो होतो, तिसऱ्या दिवशी परतलो तर बायको फिरवणी करत होती. "गेलं," म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि जेवायला बसलो. त्याच बादलीशी बसून तिनं आपले आपण कपडे धुतले असणार. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि त्या दिवशी आलं ते जाईना.

दोन दिवसांनी अंड्यांचा सातवा दिवस आला. सातव्या दिवशी दिवा दाखवायचा असतो. खोलीला काळा पडदा लावायचा, पत्र्याच्या डब्यात दिवा, डब्याला भोक, त्या भोकाशी अंडं धरायचं. जिवंत असेल तर आत एक ठिपका आणि त्याच्याभोवती लाल शिरांचं जाळं दिसतं. रिकामं असेल तर स्वच्छ पिवळं. मेलेलं असेल तर शिरा विरून नुसती लाल कडी उरते. आणि काहींत काहीच धड दिसत नाही, सावलीसारखं काहीतरी असतं. त्यांचा नियम मी स्वतः घातलेला आहे: शंका आली की बाहेर. कारण मेलेलं अंडं उबेत राहिलं की सडतं, आतून फुगतं आणि एक दिवस फुटतं, अख्खा ट्रे नासवतं. पस्तीस वर्षांत माझ्या मशीनमध्ये एकही अंडं फुटलेलं नव्हतं. याचा मला माज होता म्हणा.

एरवी बाहेर काढलेली अंडी सूनबाई टोपलीत घेते. त्या दिवशी टोपली मी मांडीवर घेतली होती. ती अंधारात खाटेवर.

"किती बाहेर?" शेवटी तिनं विचारलं.

"अकरा."

"शंकेची?"

"ती वेगळी आहेत. सात."

"टोपलीत पडल्याचा आवाज नाही आला."

ती सात अंडी मी पेन्सिलचा बारीक ठिपका देऊन परत चौथ्या ट्रेमध्ये लावली होती.

"शंका आहे म्हणून लगेच फेकायचं नसतं," मी म्हणालो.

"तुम्ही फेकता, बाबा. माझ्यासमोर सहा वर्षं फेकताय."

"आता नाही फेकत."

खाट करकरली, ती उठून बसली असावी. मग म्हणाली, "मी काय बदक आहे का?" आणि तिला हसू आलं. मलाही आलं. अंधारात दोघं हसत होतो, आणि मला कळलंच नाही तिचं हसणं कधी थांबलं आणि रडणं कधी लागलं. मी पडदा काढायला उठलो तर म्हणाली, "राहू द्या." मग आम्ही तसेच बसलो, तिचं रडून होईपर्यंत.

पुढचे दिवस सरता सरेनात. थोडे डाग दिसायचे, एखादा दिवस नाही दिसायचे. हे ती मला सांगायची नाही, पण दोरीवरचे कपडे मोजून मला कळायचं. मी भात लावायचो, कधी चिकट, कधी करपट. "बाबा, हा भात की खिडकीच्या काचेला लावायची लांबी?" असं ती विचारायची आणि खायची. मुलाचा फोन शिफ्ट संपल्यावर यायचा. त्याला सुट्टी बरोबर दहाव्या दिवसासाठी मिळाली होती. ती त्याच्याशी बोलताना मी बाहेर दाण्याच्या पोत्यांवर जाऊन बसायचो.

दवाखान्यातून आल्याच्या सहाव्या दिवशी सकाळी ती उठली आणि तिला मळमळलं नाही. आधी सकाळी सकाळी ओकून बेजार व्हायची. त्या दिवशी चहा प्यायली, वर बिस्किटं खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तेच. मला कोण आनंद झाला. मुलाचा फोन आला तो मीच घेतला आणि सांगितलं, "अरे, उलट्या थांबल्यात. चांगलं खातेय. तब्येत धरतेय पोरगी." शिंपीण तेव्हा उंबऱ्यात बसून सूनबाईच्या परकराला नाडी घालत होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घालून नाडी ओढायला लागली. सूनबाईनं फोन घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, "हो. बरं वाटतंय."

नवव्या दिवशी दुपारी, मी जेवणाची ताटं घासत होतो, आतून फट्ट असा आवाज आला.

तो आवाज मी दुसऱ्यांच्या मशीनमध्ये ऐकलेला आहे. दार उघडलं तर वासानं डोळ्यांत पाणी आलं. चौथ्या ट्रेमध्ये ठिपक्याचं एक अंडं फुटून हिरवं काळं पाणी आजूबाजूच्या तीसेक अंड्यांवर उडालं होतं. चांगली, भरलेली अंडी, आत चोची आलेली. मी नुसता उभा राहिलो. पस्तीस वर्षांचा माज त्या पाण्याबरोबर खाली ठिबकत होता.

सूनबाई उठून आली, पदर नाकाला लावलेला. "व्हा बाजूला," म्हणाली.

"तू नको. पड तू."

"तुम्ही ट्रे धरा. मी पुसते. तुमचा हात थरथरतोय, आणखी एक फोडाल."

तिनं फडकं कोमट पाण्यात पिळून एकेक अंडं पुसलं. घाई नाही, चिडचिड नाही. मी ट्रे धरून उभा. सगळं झाल्यावर म्हणाली, "बाकीची सहा काढा. दिवा आणा."

पडदा लावला. मी डब्याशी अंडं धरायचो आणि ती माझ्या खांद्यावरून बघायची. पाच गेलेली होती, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. सहावं धरलं तर आत काळी सावली, आणि सावली हलली. मी परत धरलं. परत हलली.

"हे आहे," मी म्हणालो. आणि मला एकदम सगळी फेकलेली आठवली, इतक्या वर्षांतली, टोपल्याच्या टोपल्या.

"ते ठेवा," ती म्हणाली. पाच तिनं माझ्या हातातून घेऊन टोपलीत ठेवली, आवाज न करता. मग तिथेच जमिनीवर बसली.

"माझं गेलंय, बाबा."

"उद्या बघायचंय अजून. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना, दिवस मोजण्यात चूक असेल म्हणून."

"तीन दिवस झाले. मळमळ गेली. छाती जड असायची, तीही गेली. एकदम रिकामं रिकामं वाटतंय. मला कळलंय."

"उलट्या थांबल्या म्हणून मी तर त्याला फोनवर सांगितलं."

"हो. तुम्ही फोनवर इतके खूश होता. मग कसं सांगायचं?"

तीन दिवस. तीन दिवस ही पोर पोटात ते घेऊन माझा करपट भात खात होती, थट्टा करत होती, नवऱ्याला बरं आहे म्हणत होती, कशासाठी, तर म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून. मी तिला सांभाळतोय असं मला वाटत होतं.

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. शेवटी म्हणालो, "पोरी, मला फार वाईट वाटतंय." ती म्हणाली, "मलापण," आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तिला मी तोवर कधी हात लावलेला नव्हता. तेव्हा डोक्यावर ठेवला. पंख्याचा आवाज चालू होता.

कळा तासाभरानं सुरू झाल्या. आधी ती म्हणाली, उद्या जायचंच आहे. मग उठायला गेली आणि भिंत धरून खाली बसली. खाटेवरची चादर रक्तानं भिजलेली बघून मी तिला उचललं. या वयात कसं उचललं देव जाणे. शिंपीण आमच्या मशीनशी येऊन बसली. "जा तुम्ही, अंडी मी फिरवते," म्हणाली. तिनं आयुष्यात अंडं फिरवलेलं नव्हतं.

या वेळी मी खड्डे बघितले नाहीत. हॉर्न मीच मारत होतो.

खिडकीशी रांग होती, दहाबारा माणसं. सूनबाईला गाडीतून उतरवून दारातल्या खुर्चीवर बसवलं आणि सरळ पुढे गेलो. कोणीतरी म्हणालं, "ओ आजोबा, रांग आहे." मी खिडकीच्या गजांना धरलं.

"माझ्या सुनेला रक्त जातंय," मी म्हणालो. आवाज एवढा मोठा निघाला की मागची कुजबुज थांबली. "तिसरा महिना लागलाय. मूल पडतंय. तिला आत्ता आत घ्या."

बाईनं कागदबिगद काही दिला नाही. उठून दार उघडलं.

आत पडदा होता आणि पडद्याआड ती. डॉक्टरीणबाई हातमोजे घालत म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बाहेर बसा."

मी वळलो. पडद्याआडून हात आला आणि माझ्या सदऱ्याचं टोक धरलं.

"राहू देत त्यांना," ती म्हणाली. "उद्यापर्यंत दुसरं कोणी नाहीये माझं इथे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड करून एक स्टूल ठेवलं, तिच्या डोक्याशी. मी त्याच्यावर बसलो, भिंतीकडे बघत, आणि हात मागे दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. भिंतीवर ओलीचा एक डाग होता, तोच बघत होतो. मागे काय चाललंय ते आवाजावरून कळत होतं. ती किंचाळली नाही, पण कळ आली की माझी बोटं इतकी आवळायची की हाडं कडकडायची. मग सोडायची, मग परत.

मध्ये एकदा तिचा आवाज आला, दमलेला. "तुम्ही खिडकीवर केवढ्यानं ओरडलात."

"हो."

"सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकू देत."

मग कळा लागोपाठ आल्या. नंतर डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "झालं." भांडं झाकल्याचा आवाज झाला. सूनबाई रडायला लागली, मोठ्यानं, लाज न धरता, आणि मीही भिंतीकडे तोंड करून रडलो. बाई म्हणाल्या, आता थोडा वेळ पडू दे त्यांना, तुम्ही बाहेर जाऊन चहा घेतलात तरी चालेल.

नको म्हणालो. हात अजून तिच्याकडेच होता.